अमेरिकेतील पहिले मतदान : नव्या नागरिकांसाठी नोंदणीपासून मतमोजणीपर्यंत

अमेरिकेचे नागरिकत्व नुकतेच मिळालेल्या मराठी माणसाच्या मनातले निवडणुकीचे चित्र बहुधा भारतातले असते. सगळ्या देशासाठी एक निवडणूक आयोग, एकच मतदार ओळखपत्र, यादी तपासायला घरी येणारा बीएलओ आणि शेवटी बोटावरची शाई. यांपैकी एकही गोष्ट अमेरिकेत नाही. तिथल्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील चौथ्या कलमाने काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकांची वेळ, जागा आणि पद्धत ठरवण्याचे काम राज्यांच्या विधिमंडळांकडे सोपवले असून त्यात बदल करण्याचा अधिकार काँग्रेसला ठेवला आहे. प्रत्यक्ष यंत्रणा तर राज्यांच्याही खाली, काउंटी, शहर किंवा टाउनशिपच्या पातळीवरच्या दहा हजारांच्या आसपास स्थानिक कार्यालयांकडून चालवली जाते. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण तिचे काम प्रचाराच्या पैशांवर देखरेख ठेवण्याचे; मतदारयादी किंवा मतमोजणीशी तिचा संबंध नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की टेक्सासमधल्या भावाने सांगितलेला नियम न्यू जर्सीतल्या बहिणीला लागू पडेलच असे नाही, आणि दोन वर्षांपूर्वी बरोबर असलेली माहिती आज बरोबर असेल याचीही खात्री नाही. १९६५च्या मतदान हक्क कायद्यानुसार वंशभेदाचा इतिहास असलेल्या काही राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची परवानगी घ्यावी लागत असे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटी खटल्यात त्या तरतुदीचा आधारच काढून घेतला. २०२०च्या निवडणुकीनंतर तर नियम बदलण्याचा वेग फारच वाढला असून काही राज्ये मतदान सोपे करत आहेत, तर काही अधिक कागदपत्रे मागत आहेत. नव्या नागरिकाला या बदलांची झळ इतरांपेक्षा जास्त बसते, कारण सरकारी नोंदींमध्ये तो काल-परवापर्यंत परदेशी म्हणून नोंदलेला असतो. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांमध्ये एकच धोरण ठेवावे: आपल्याबद्दलच्या सगळ्या सरकारी नोंदी एकमेकींशी जुळलेल्या ठेवायच्या, आणि प्रत्येक निवडणुकीपूर्वी नियम नव्याने पाहायचे.

पहिली पायरी : शपथ झाल्याशिवाय कोणत्याही अर्जावर सही करू नये

ग्रीन कार्ड असलेल्या व्यक्तीला केंद्रीय निवडणुकीत मतदानाचा हक्क नाही. मुलाखत झाली, अर्ज मंजूर झाला, शपथविधीची तारीखही आली, तरी प्रत्यक्ष शपथ घेईपर्यंत माणूस नागरिक नसतो. त्या आधी मतदार म्हणून नोंदणी करणे म्हणजे नागरिक असल्याचा खोटा दावा करणे होय. हा फौजदारी गुन्हा आहेच, शिवाय १९९६च्या स्थलांतर कायद्यातील दुरुस्तीनंतर अशा दाव्यामुळे हद्दपारी होऊ शकते आणि देशात परत येण्याचा मार्ग कायमचा बंद होऊ शकतो. अजाणता केले, कोणी सही करायला सांगितले म्हणून केले, या सबबी फारशा उपयोगी पडत नाहीत.

धोका बहुधा मतदान केंद्रावर नसतो, तो ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर असतो. १९९३च्या राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्यानुसार लायसन्स काढताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना मतदार नोंदणीबद्दल विचारले जाते. अनेक राज्यांत आता ही नोंदणी आपोआप होते. ओरेगॉनने २०१६मध्ये ही पद्धत सर्वप्रथम सुरू केली. कॅलिफोर्निया आणि इलिनॉय या राज्यांत लायसन्स विभागाच्या चुकीमुळे नागरिक नसलेल्या काही लोकांची नावे मतदार म्हणून नोंदली गेल्याचे पुढे उघड झाले. म्हणून घरात आई-वडील किंवा जोडीदार अजून ग्रीन कार्डावर असतील तर त्यांना स्पष्ट सांगून ठेवावे: मतदार नोंदणीचा प्रश्न आला की ‘नाही’ म्हणायचे, पडद्यावरच्या नागरिकत्वाच्या चौकोनावर खूण करायची नाही, आणि तरीही घरी मतदार कार्ड आले तर ते न वापरता प्रथम स्थलांतर कायद्याच्या वकिलाला दाखवायचे.

शपथविधीच्या ठिकाणी पूर्वी स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते नोंदणीचे अर्ज घेऊन उभे असत. ऑगस्ट २०२५मध्ये नागरिकत्व विभागाने हे काम फक्त राज्य व स्थानिक निवडणूक अधिकाऱ्यांनी, किंवा ते नसतील तर विभागानेच करावे असे ठरवले. त्यामुळे समारंभात कोणी अर्ज हातात देईल या भरवशावर न राहता नोंदणी स्वतः करण्याची तयारी ठेवावी.

जाता जाता एक गोष्ट. अमेरिकेचे नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते, आणि ओसीआय कार्डाने भारतात मतदानाचा हक्क मिळत नाही. गावाकडच्या मतदारयादीत नाव राहिले असेल तर नमुना ७ भरून ते काढून घ्यावे.

दुसरी पायरी : नोंदी जुळवणे

ही पायरी बहुतेक मार्गदर्शक पुस्तिकांत दोन ओळींत उरकलेली असते. नव्या नागरिकासाठी मात्र सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

मतदारयादीत नागरिक नसलेले लोक आहेत का, हे शोधण्यासाठी राज्ये आपली यादी इतर सरकारी नोंदींशी ताडून पाहतात. त्या नोंदी जुन्या असतील तर खरा नागरिकही संशयित ठरतो. जानेवारी २०१९मध्ये टेक्सासने सुमारे ९५ हजार नावांची अशी संशयित यादी काढली होती. त्यात हजारो नावे अशा लोकांची होती की ज्यांनी ग्रीन कार्डावर असताना लायसन्स काढले आणि पुढे रीतसर नागरिकत्व घेतले. खटले झाले आणि काही महिन्यांत राज्याला ती मोहीम मागे घ्यावी लागली. २०२५मध्ये केंद्र सरकारने ‘सेव्ह’ नावाची नागरिकत्व तपासणीची प्रणाली वाढवून ती सोशल सिक्युरिटीच्या नोंदींशी जोडली, आणि राज्यांना आपली संपूर्ण मतदारयादी एकदम तपासून घेण्याची सोय दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टेक्सासने या प्रणालीच्या आधारे २,७२४ नावे संशयित म्हणून काउंट्यांकडे पाठवली. त्यांपैकी काही मतदारांनी नागरिकत्वाचा पुरावा लायसन्स विभागाकडे आधीच दिलेला असल्याचे काउंट्यांच्या तपासणीत आढळले.

म्हणून शपथेनंतर लगेच तीन ठिकाणी आपली नोंद सुधारून घ्यावी. पहिले ठिकाण सोशल सिक्युरिटीचे कार्यालय. एप्रिल २०२४पासूनच्या एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जात ही नोंद बदलण्याची विनंती करण्याची सोय आहे, पण ज्यांनी त्याआधीच्या नमुन्यावर अर्ज केला असेल किंवा तो रकाना भरला नसेल त्यांनी प्रमाणपत्र घेऊन स्वतः जावे. नागरिकत्व घेऊन दहा-पंधरा वर्षे झालेल्यांनीही ही नोंद एकदा तपासून घ्यायला हरकत नाही. कोणी मुद्दाम सांगितल्याशिवाय ती बदलतेच असे नाही. दुसरे ठिकाण लायसन्सचे कार्यालय. लायसन्सची मुदत संपायला चार वर्षे असली तरी तितका काळ थांबू नये. तिसरे काम पासपोर्ट काढण्याचे. नॅचरलायझेशनचे, म्हणजे नागरिकत्व मिळाल्याचे, मूळ प्रमाणपत्र मोठे, जपून ठेवायचे आणि हरवल्यास पुन्हा मिळवायला महाग व वेळखाऊ असते, तर अमेरिकी पासपोर्ट किंवा खिशात मावणारे पासपोर्ट कार्ड हा नागरिकत्वाचा तितकाच पक्का पुरावा आहे.

आता नावाबद्दल. मराठी नावांची रचना अमेरिकी रकान्यांत नीट बसत नाही, आणि गोंधळ तिथून सुरू होतो. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव, ही आपली नेहमीची पद्धत. एका कार्यालयाने मधले नाव पूर्ण लिहिले, दुसऱ्याने नुसते आद्याक्षर घेतले, तिसऱ्याने पहिली दोन नावे जोडून एकच केले, तर संगणकाच्या दृष्टीने ती तीन वेगळी माणसे होतात. लग्नानंतर नाव आणि आडनाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर भारतीय जन्मदाखला, जुना पासपोर्ट आणि प्रमाणपत्र यांवर तीन वेगळी नावे असू शकतात. नॅचरलायझेशनच्या प्रमाणपत्रावर जे नाव ज्या अक्षरांत छापले आहे, तेच अक्षरशः सगळीकडे वापरावे. विवाहाचा दाखला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर पासपोर्टसोबतच ठेवावे.

सहीचेही तसेच. अनेकांची बँकेतली, पासपोर्टवरची सही मराठीत असते आणि लायसन्सच्या काचेवर बोटाने केलेली सही भलतीच असते. टपाली मतदानात पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहिली जाते. मराठीत सही करायला काहीच हरकत नाही, पण नोंदणीच्या अर्जावर जी सही कराल तीच पुढे पाकिटावरही करा.

तिसरी पायरी : नोंदणी

नोंदणीची सुरुवात नेहमी सरकारी संकेतस्थळावरूनच करावी. ‘व्होट डॉट गव्ह’ या केंद्राच्या संकेतस्थळावर राज्य निवडले की ते त्या राज्याच्या अधिकृत पानावर पोचवते. तिथून पुढे राज्यातील निवडणुकांचे काम पाहणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट किंवा निवडणूक मंडळ, आणि आपल्या काउंटीचे निवडणूक कार्यालय ही दोनच ठिकाणे विश्वासाची मानावीत. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये हे काम शहर किंवा टाउनशिपचे क्लार्क पाहतात.

नोंदणीच्या मुदतीतला फरक पाहिला म्हणजे राज्याराज्यांत किती अंतर आहे ते कळते. टेक्सासमध्ये मतदानाच्या ३० दिवस आधी नोंदणी बंद होते, आणि ऑनलाइन सोय लायसन्सच्या व्यवहारापुरतीच मर्यादित असल्याने बाकीच्यांना अर्ज छापून, सही करून टपालाने पाठवावा लागतो. न्यू जर्सीत ही मुदत २१ दिवसांची, न्यूयॉर्कमध्ये १० दिवसांची आहे. वॉशिंग्टन राज्यात मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करता येते, आणि वीसहून अधिक राज्यांत नोंदणी व मतदान एकाच दिवशी करण्याची कोणती ना कोणती सोय आहे. नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणी नाहीच. केंद्रीय कायद्याने ३० दिवसांपेक्षा आधी नोंदणी बंद करता येत नाही, पण आपण त्याहून कितीतरी आधी काम संपवावे.

नागरिकत्वाचा पुरावा हा सध्याचा सर्वांत वादाचा विषय आहे. केंद्रीय अर्जावर मतदार शपथपूर्वक सांगतो की मी नागरिक आहे; कागद जोडावा लागत नाही. मार्च २०२५मध्ये राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या आदेशात केंद्रीय अर्जासोबत कागदोपत्री पुरावा मागण्यास सांगितले होते, परंतु ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनमधील संघीय न्यायालयाने तो भाग बेकायदा ठरवला. एप्रिल २०२५मध्ये प्रतिनिधीगृहाने अशाच आशयाचे विधेयक संमत केले. राज्यांनी मात्र आपापले मार्ग धरले आहेत. अ‍ॅरिझोनामध्ये २००४च्या जनमतापासून पुरावा मागितला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालामुळे, पुरावा न देता केंद्रीय अर्जावर नोंदलेल्या मतदाराला तिथे फक्त केंद्रीय पदांसाठी मत देता येते, राज्याच्या पदांसाठी नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीनंतर आणि वायोमिंगमध्ये जुलै २०२५पासून नव्या मतदाराला पुरावा दाखवावा लागतो. न्यू हॅम्पशायरमधील मार्च २०२५च्या गावपातळीवरील निवडणुकांत जन्माने अमेरिकी असलेल्या लोकांनाही जन्मदाखला जवळ नसल्यामुळे परत जावे लागले. नवा नागरिक इथे एका बाबतीत सुदैवी आहे: त्याच्याकडे प्रमाणपत्र असतेच. अ‍ॅरिझोनाच्या अर्जावर त्या प्रमाणपत्राचा क्रमांक लिहिण्याचीही जागा आहे.

कॅन्ससचा अनुभव इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथल्या अशाच कायद्यामुळे सुमारे ३१ हजार अर्जदारांची नोंदणी अडकली होती, आणि अखेर २०१८मध्ये संघीय न्यायालयाने तो कायदा रद्द केला. कागद मागण्याचा हेतू काहीही असो, तो वेळेवर हाताशी नसलेल्या पात्र नागरिकाचे मत जाते ही वस्तुस्थिती आहे. म्हणून आपल्या राज्यात आज पुरावा लागत नसला तरी कागद तयार ठेवावेत.

चौथी पायरी : नाव टिकून आहे का ते पाहणे

अर्ज पाठवला म्हणजे नोंदणी झाली असे समजू नये. तीन-चार आठवड्यांनी राज्याच्या संकेतस्थळावर आपले नाव, पत्ता आणि स्थिती पाहावी. पुन्हा एकदा नोंदणीची मुदत संपण्यापूर्वी पाहावी, म्हणजे काही बिघडले असेल तर दुरुस्तीला वेळ मिळतो. केंद्रीय कायद्यानुसार केंद्रीय निवडणुकीच्या आधीच्या ९० दिवसांत सरसकट छाननी करून नावे काढता येत नाहीत. याच नियमाच्या आधारे ऑक्टोबर २०२४मध्ये न्यायालयाने अलाबामाची ३,२५१ नावांची मोहीम थांबवली होती. त्याच महिन्यात व्हर्जिनियातील अशाच मोहिमेला मात्र सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. तेव्हा केवळ कायद्याच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही.

निवडणूक कार्यालयाकडून आलेले पत्र जाहिरातीच्या टपालात फेकले जाते, असे बऱ्याच घरांत होते. नागरिकत्वाचा पुरावा मागणारे पत्र तसे गेले तर ठरलेल्या मुदतीनंतर, टेक्सासमध्ये ३० दिवसांनी, नाव रद्द होऊ शकते. असे पत्र आले तर घाबरू नये, पण एक दिवसही थांबू नये. पासपोर्टची प्रत जोडून उत्तर द्यावे, ते पोचल्याची पावती घ्यावी आणि कार्यालयाला फोन करून नाव कायम असल्याची खात्री करावी. आधी फोन पत्रावरच्या क्रमांकावर न करता संकेतस्थळावर दिलेल्या क्रमांकावर करावा, कारण फसवी पत्रेही येतात.

पाचवी पायरी : कोणती निवडणूक, कोणता पक्ष

राष्ट्रीय निवडणूक सम वर्षांत, नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी होते. २०२६मध्ये ती तारीख ३ नोव्हेंबर आहे. पण न्यू जर्सी आणि व्हर्जिनियात राज्याच्या निवडणुका विषम वर्षांत होतात, टेक्सासमधल्या अनेक शहरांच्या आणि शाळा मंडळांच्या निवडणुका मे महिन्यात. ज्या निर्णयांचा घरातल्या मुलांवर आणि मालमत्ता करावर थेट परिणाम होतो ते बहुधा याच कमी गर्दीच्या निवडणुकांत ठरतात.

प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, पक्षाचा प्रश्न येतो. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात पक्षाकडे नाव नोंदवलेले असेल तरच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते. टेक्सास, जॉर्जिया, मिशिगन या राज्यांत पक्षनिहाय नोंदणीच नाही. कॅलिफोर्नियात राष्ट्राध्यक्षपद सोडून इतर बहुतेक पक्षीय पदांसाठी सर्व उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोघे पुढे जातात. पक्ष बदलण्याची मुदत काही ठिकाणी नोंदणीच्या मुदतीपेक्षा कितीतरी आधी संपते. न्यूयॉर्कमध्ये ती १४ फेब्रुवारी आहे.

सहावी पायरी : टपालाने मत देणे

कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, वॉशिंग्टन, ओरेगॉन, नेवाडा, हवाई अशा राज्यांत प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका घरी येते. युटाही त्यांत होते, पण २०२५च्या कायद्याने तिथे मतपत्रिका आपोआप पाठवण्याची पद्धत २०२९पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होणार असून मतदाराला ती मागून घ्यावी लागणार आहे. बहुतेक उरलेल्या राज्यांत कारण न देता अर्ज करता येतो. टेक्सास, टेनेसी, इंडियाना येथे वय, आजारपण, परगावी असणे अशी ठरावीक कारणे लागतात.

मतपत्रिका हाती आल्यावर घाईने पाकीट बंद करू नये. आधी आतली सूचनापत्रिका वाचावी. पेनसिल्व्हेनियात मतपत्रिका प्रथम आतल्या गुप्ततेच्या पाकिटात आणि मग बाहेरच्या पाकिटात घालावी लागते. आतले पाकीट विसरले की मत बाद होते. टेक्सासमध्ये २०२१च्या कायद्यानंतर लायसन्सचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे पाकिटाच्या झाकणाखाली लिहावे लागतात. ती जागा पाकीट चिकटवल्यावर झाकली जात असल्याने सहज नजरेतून सुटते. मार्च २०२२च्या प्रायमरीत, म्हणजे नियम लागू झाल्यावरच्या पहिल्याच मोठ्या निवडणुकीत, तिथली सुमारे १२ टक्के टपाली मते नाकारली गेली. जो क्रमांक लिहाल तो नोंदणीच्या वेळी दिलेलाच असला पाहिजे. आठवत नसेल तर दोन्ही लिहावेत.

मत पोचण्याच्या मुदतीत सध्या मोठे बदल होत आहेत. कॅलिफोर्निया राज्य मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालशिक्का असलेली आणि सात दिवसांत पोचलेली मते स्वीकारत आले आहे. कॅन्सस, नॉर्थ डकोटा, युटा आणि ओहायो यांनी मात्र २०२५मध्ये ही सवलत काढून टाकली. अशी उशिरा पोचलेली मते मोजणे केंद्रीय कायद्यात बसते का, हा मिसिसिपीतला वाद नोव्हेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीसाठी घेतला. शिवाय टपालखात्यानेही स्पष्ट केले आहे की पत्र ज्या दिवशी पेटीत पडले त्याच दिवसाचा शिक्का त्यावर असेल असे नाही. यावर उपाय सोपा आहे: मतपत्रिका मतदानाच्या दिवसाच्या निदान आठ-दहा दिवस आधी पाठवावी. उशीर झाला असेल तर टपालाचा नाद सोडून अधिकृत ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे मतपत्रिका टाकण्यासाठी ठेवलेल्या पेटीत, किंवा निवडणूक कार्यालयात स्वतः नेऊन द्यावी. दुसऱ्याची मतपत्रिका नेऊन देण्यावर अनेक राज्यांत बंधने आहेत. जोडीदाराची किंवा आईवडिलांची नेण्यापूर्वीही नियम पाहावा. शेजाऱ्यांची गोळा करून नेण्याचा उपकार मात्र करूच नये.

सातवी पायरी : केंद्रावर जाऊन मत देणे

बहुतेक राज्यांत मतदानाच्या दिवसाआधी काही दिवस केंद्रे उघडी असतात; अलाबामा, मिसिसिपी आणि न्यू हॅम्पशायर येथे सर्वांसाठी अशी सोय नाही. पहिल्यांदा मत देणाऱ्याने शक्यतो या आधीच्या दिवसांतच जावे, कारण नोंदीत काही खोट निघाली तर ती सुधारायला अवधी उरतो.

ओळखपत्राचे नियम इतके वेगळे आहेत की अमेरिकी पासपोर्ट किंवा त्याच राज्याचे मुदतीतले लायसन्स बरोबर ठेवणे हाच राजमार्ग. टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगण्याचा परवाना चालतो पण विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नाही; इंडियानानेही २०२५मध्ये विद्यार्थ्यांचे ओळखपत्र वगळले. नॉर्थ कॅरोलिनात २०२३पासून छायाचित्राचे ओळखपत्र लागते. विस्कॉन्सिनच्या मतदारांनी एप्रिल २०२५मध्ये ही अट राज्यघटनेतच घातली, तर मेनच्या मतदारांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती फेटाळली. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय येथे बहुतेकांना ओळखपत्र विचारले जात नाही, तरी टपालाने नोंदणी करून पहिल्यांदाच मत देणाऱ्याला केंद्रीय कायद्यानुसार ते लागू शकते.

मतपत्रिका पाहून दडपण येणे स्वाभाविक आहे. भारतात एका खेपेला एक-दोन बटणे दाबायची सवय असते. इथे गव्हर्नरपासून न्यायाधीश, शाळा मंडळ, पाणीपुरवठा मंडळ आणि करविषयक प्रस्तावांपर्यंत पंचवीस-तीस नोंदी असू शकतात. काउंटीच्या संकेतस्थळावर नमुना मतपत्रिका मिळते. ती छापून, घरी बसून, चर्चा करून भरावी आणि कागदच बरोबर न्यावा. बहुतेक ठिकाणी याला परवानगी आहे, मोबाइल वापरण्यास मात्र अनेक ठिकाणी मनाई असते. एखाद्या पदाबद्दल काहीच माहीत नसेल तर ती जागा कोरी सोडल्याने बाकीची मते बाद होत नाहीत. प्रचाराचे चिन्ह असलेला टीशर्ट घालून जाऊ नये.

इंग्रजी वाचायला अडचण असलेल्या ज्येष्ठांसाठी मतदान हक्क कायद्याचे कलम २०८ फार मोलाचे आहे. अशा मतदाराला, तसेच अंध किंवा अपंग मतदाराला, आपल्या पसंतीची व्यक्ती मदतीला आत नेता येते. ती व्यक्ती त्याचा मालक किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी नसावी, एवढीच अट. मुलगा किंवा सून आत जाऊन मराठीत समजावू शकते. टेक्सासमध्ये मदतनिसाला त्यासाठी शपथपत्रावर सही करावी लागते. मराठीतली मतपत्रिका मात्र मिळणार नाही. कलम २०३नुसार ज्या भागात एखाद्या भाषिक गटाची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे जाते तिथेच त्या भाषेत साहित्य द्यावे लागते. शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली आहे ती त्यामुळेच.

केंद्रावर ‘तुमचे नाव यादीत नाही’ असे उत्तर मिळाले तर तसेच परतू नये. आधी आपण योग्य केंद्रावर आहोत का ते विचारावे, कारण चुकीच्या केंद्रावर दिलेले मत अनेक राज्यांत मोजले जात नाही. केंद्र बरोबर असेल तर तात्पुरती मतपत्रिका, म्हणजे प्रोव्हिजनल बॅलट, मागावी. २००२च्या केंद्रीय कायद्याने हा हक्क दिला आहे. ती वेगळ्या पाकिटात ठेवली जाते आणि पात्रता तपासून मग मोजली जाते. मतदाराने ओळखपत्र किंवा पुरावा घेऊन ठरावीक दिवसांत कार्यालयात जावे लागते का, हे तिथेच लिहून घ्यावे. ही मुदत काही राज्यांत जेमतेम तीन-चार दिवसांची असते. न्यू जर्सीत टपाली मतपत्रिका मागवलेला मतदार केंद्रावर आला तर त्यालाही याच पद्धतीने मत द्यावे लागते. केंद्र बंद होण्याच्या वेळी जो रांगेत उभा असेल त्याला मत देण्याचा हक्क आहे, म्हणून रांग सोडू नये.

शेवटची पायरी : मत मोजले गेले का

निकालाच्या रात्री वाहिन्यांवर जे आकडे येतात ते अधिकृत नसतात. त्यानंतर दिवस किंवा आठवडे टपाली आणि तात्पुरती मते तपासली जातात, कॅलिफोर्नियात तर काउंट्यांना ३० दिवसांपर्यंतचा अवधी असतो, आणि मग स्थानिक व राज्य पातळीवर निकाल प्रमाणित होतो. पेनसिल्व्हेनियात टपाली पाकिटे मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडताच येत नाहीत, त्यामुळे तिथला आकडा उशिरा हलतो. त्यात संशयाचे काही नाही. जवळजवळ सर्वत्र मताची कागदी नोंद राहते आणि अनेक राज्ये त्यातले नमुने हाताने मोजून यंत्राचा निकाल पडताळतात. कोलोरॅडोने २०१७मध्ये संपूर्ण राज्यभर अशी सांख्यिकी पडताळणी सर्वप्रथम केली.

आपल्या पाकिटाचे काय झाले ते बहुतेक राज्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते: पाठवले, मिळाले, स्वीकारले. ‘सही जुळत नाही’ किंवा ‘माहिती अपूर्ण’ असे दिसले तर अनेक राज्ये दुरुस्तीची संधी देतात, मात्र निवडणूक कार्यालय हे कळवण्यासाठी नोंदणीतलाच फोन किंवा ईमेल वापरते. नोंदणीच्या अर्जावर फोन क्रमांकाची जागा ऐच्छिक असते आणि लोक ती कोरी सोडतात, ती भरावी. घर बदलले, अगदी त्याच गावातल्या दुसऱ्या सोसायटीत गेलात, तरी लायसन्सबरोबर मतदार नोंदणीचा पत्ताही बदलून घ्यावा, कारण पत्ता बदलला की केंद्र, शाळा मंडळ आणि कधीकधी मतदारसंघही बदलतो, आणि जुन्या पत्त्यावर पाठवलेले कार्ड परत आले की नाव काढण्याची प्रक्रिया तिथूनच सुरू होते.